न तरंगणारी टिकली: ऑक्सिजन, कॅल्शियम आणि जस्त यांचं एक प्रकरण

जानेवारीतली दुपार. थर्मोकोलच्या वाटीत द्रव नायट्रोजन उकळत होता आणि तळाशी काळी टिकली बुडालेली होती. माझ्या विद्यार्थिनीनं प्लॅस्टिकच्या चिमट्यानं मसुराएवढं निओडिमियम चुंबक तिच्यावर सोडलं. ते टिकलीच्या वर अधांतरी तरंगायला हवं होतं, पण टिकलीवर टेकलं आणि तसंच राहिलं. तिनं उचलून पुन्हा सोडलं. तिसऱ्यांदा सोडताना तिचा हात थरथरत होता. एम.एस्सी.च्या प्रकल्पाचे तीन महिने त्या टिकलीत होते.

पदार्थ होता यिट्रियम, बेरियम आणि तांबं १:२:३ या प्रमाणात असलेला ऑक्साइड. प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘वाय-१२३’ म्हणतात. १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना लँथनम-बेरियम-तांबं-ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या पुढे अतिवाहकतेच्या, म्हणजे पुरेशा थंडीत वीज रोधाशिवाय वाहते आणि पदार्थ चुंबकाला दूर ढकलतो त्या गुणाच्या, खुणा दिसल्या. १९८७ मध्ये वू, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाय-१२३ मध्ये ती ९३ केल्विनपर्यंत नेली. द्रव नायट्रोजन उकळतो ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला. त्यामुळे जे बघायला १९११ पासून द्रव हेलियम लागत होता, ते आता बेळगावातल्या साध्या कॉलेजातही बघता येतं. नायट्रोजनसुद्धा इथं अप्राप्य नाही. चिकोडी-निपाणीकडच्या दूधपट्ट्यात जनावरांचे डॉक्टर कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. आमचा पहिला जार अशाच एका डॉक्टरांनी भरून दिला होता. एक स्थानिक तपशीलही नोंदवून ठेवतो: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथं नायट्रोजन ७७ च्याही पाऊण केल्विन खाली उकळतो. टिकली शुद्ध आणि नीट भाजलेली असती तर तिच्यावर चुंबक तरंगवायला एवढा थंडावा पुरून उरला असता.

घाणा आणि त्याचा हिशेब

दहा ग्रॅमच्या घाण्याला यिट्रियम ऑक्साइड १.५१ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ५.२९ ग्रॅम आणि कॉपर ऑक्साइड ३.२० ग्रॅम लागतं. तीन घाणे ठरले होते. पहिला शुद्ध. दुसऱ्यात शंभरातल्या दहा यिट्रियमच्या जागी कॅल्शियम, त्यासाठी १३४ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तिसऱ्यात शंभरातल्या दोन तांब्यांच्या जागी जस्त, त्यासाठी ६५ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड. अगेटच्या खलात प्रत्येक घाणा दोन-दोन तास घोटायचा, मुशीत घालून ९०० अंशांवर भाजायचा, पुन्हा घोटायचा, पुन्हा भाजायचा, मग साच्यात दाबून टिकली पाडायची आणि ९३० अंशांवर पक्की करायची. बेरियम कार्बोनेट विषारी असतं, उंदीर मारायला वापरलं गेलेलं रसायन आहे ते. त्यामुळे हातमोजे आणि तोंडावर मास्क यांत कुणालाही सूट नव्हती.

पूड काळीभोर निघाली होती. हिरवट झाक असती तर यिट्रियमचं प्रमाण जास्त असलेला दुसराच ऑक्साइड तयार झालाय हे तिथंच कळलं असतं. एक्स-रेच्या आलेखातही परकं शिखर नव्हतं. म्हणून संशयाची सुई वजनावर किंवा घोटण्यावर ठेवायला जागा नव्हती, तरी मी आधी तिकडेच बघत बसलो आणि दोन आठवडे घालवले.

नोंदवही मागे उलटत गेल्यावर एक ओळ सापडली. शेवटच्या भाजणीच्या रात्री लाइट गेली होती. लॅबमधले अण्णा ‘करंट होय्तु सर’ म्हणत आले, भट्टी पहाटेपर्यंत बंद राहील असं वाटलं आणि मी मुलीला सांगितलं, टिकल्या आत्ताच बाहेर काढ, सकाळी भट्टी दुसऱ्यांना हवी आहे. भट्टी तेव्हा ८०० च्या आसपास होती. तिनं चिमट्यानं टिकल्या काढून विटेवर ठेवल्या. निर्णय माझा होता, तिचा नव्हे, आणि हे प्रकरण लिहिताना ते आधी सांगणं मला आवश्यक वाटतं.

आज्जांचा आवा

ती खानापूरची. घरी पिढ्यान् पिढ्या कुंभारकाम. खानापूरची माती कौलांना आणि भांड्यांना नावाजलेली आहे आणि खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथंच आहे. रविवारी घरी जाऊन तिनं आज्जांना सगळं सांगितलं. सोमवारी ती आली ती आज्जांचं वाक्य घेऊनच: “आज्जा म्हणाले, भाजलीस बरोबर गं, पण निवताना तिला वारं मिळालं का?”

कुंभाराला हे नव्यानं शिकवावं लागत नाही. आव्याचं तोंड लिंपून धूर आत कोंडला तर मडकं काळं निघतं, हवा लागू दिली तर तीच माती लाल होते. कोंडलेल्या धुरात मातीतलं लोखंड ऑक्सिजन सोडतं आणि काजळीही बसते. मोकळ्या हवेत लोखंड ऑक्सिजन धरून ठेवतं. शेवटचा रंग ठरतो तो आवा निवताना.

आमच्या टिकलीचंही नेमकं हेच झालं होतं. वाय-१२३ मध्ये दर तीन तांब्यांमागची ऑक्सिजनची संख्या पक्की नसते. ती ६ पासून ७ पर्यंत कुठेही असू शकते. ९३० अंशांवर हवेत ती ६ च्या थोडी वर असते. टिकली निवते तसा ऑक्सिजन आत येत जातो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ७०० अंशांच्या सुमाराला स्फटिकाचा चौकोनी पाया किंचित आयताकार होतो, आणि खरं भरण होतं ते ४०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात, तेही सावकाश. ८०० वरून विटेवर आलेली टिकली त्या पट्ट्यातून मिनिटा-दोन मिनिटांत निघून गेली. ऑक्सिजनला आत शिरायला वेळच मिळाला नाही.

टायट्रेशननं ते पक्कं झालं. टिकलीचा तुकडा हायड्रोक्लोरिक आम्लात पोटॅशियम आयोडाइडसह विरघळवायचा, तांब्यानं मोकळं केलेलं आयोडीन थायोसल्फेटनं मोजायचं. त्यावरून तांब्याचा सरासरी भार कळतो आणि भारावरून ऑक्सिजन. आकडा आला ६.४ च्या आसपास. हवा होता ६.९ च्या वर.

इथं थांबून सांगायला हवं की ऑक्सिजन हेही डोपिंगच, म्हणजे पदार्थाचे गुण बदलायला मुद्दाम अणू घालणंच, आहे. पोरं डोपिंग म्हटलं की बाहेरून टाकलेला परका अणू समजतात. मराठीत ‘भेसळ’ हा शब्द मनात येतो आणि तो शब्दच दिशाभूल करतो, कारण या स्फटिकात जो भरल्यानं सगळं सुरू होतं तो ऑक्सिजन मूळच्याच घरातला आहे.

भरलेली बस

या स्फटिकात तांबं दोन ठिकाणी बसतं. एक, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या सपाट थरांत. अतिवाहकता इथं घडते. दोन, थरांच्या वरखाली असलेल्या तांबं-ऑक्सिजनच्या साखळ्यांत. ऑक्सिजन कमीजास्त होतो तो साखळ्यांत. साखळीत आलेला ऑक्सिजन थरांतले इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि थरांत होल, म्हणजे रिकाम्या जागा, तयार होतात.

रिकाम्या जागेचं महत्त्व कळायला सकाळची खानापूर-बेळगाव बस डोळ्यांपुढे आणावी. दारापर्यंत खच्चून भरलेली. प्रत्येकाला पुढे जायचंय पण पाय उचलायला जागा नाही. मच्छेला, पिरनवाडीला कामगार उतरतात आणि मग आतले सरकायला लागतात. ऑक्सिजन ६ असलेल्या स्फटिकात थरातल्या प्रत्येक तांब्यावर हलू शकणारा एक इलेक्ट्रॉन असतो आणि शेजारी जायची त्याला मुभा नसते, कारण एका तांब्यावर दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना फार जोरानं ढकलतात. बँड थिअरीच्या, म्हणजे घन पदार्थांतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापट्ट्यांच्या नेहमीच्या सिद्धांताच्या, साध्या हिशेबानं हा धातू असायला हवा, पण तो विद्युतरोधक आहे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे चुंबकीय रोख उलटसुलट लागलेले, बुद्धिबळाच्या पटासारखे.

दर शंभर तांब्यांमागे साधारण ५ होल झाले की अतिवाहकता दिसू लागते. १६ ला ती शिखरावर पोचते. २७ च्या सुमाराला संपते. मध्ये घुमटासारखा आकार. लँथनमच्या कुळात तीच वाट स्ट्रॉन्शियमनं चालता येते. तिथं शंभर तांब्यांमागे दोनच होल चुंबकीय पट मोडायला पुरतात आणि शिखर ३८ केल्विनच्या आसपास असतं. उलट्या बाजूनंही जाता येतं. निओडिमियमच्या ताम्रऑक्साइडमध्ये सेरियम घातलं की होलऐवजी जादा इलेक्ट्रॉन येतात, आणि १९८९ मध्ये तिथंही अतिवाहकता सापडली.

वाय-१२३ मध्ये ऑक्सिजन ६.९३ च्या आसपास असताना शिखर मिळतं. तो ६.७ ते ६.६ पर्यंत उतरला की संक्रमण-तापमान, म्हणजे ज्याखाली अतिवाहकता येते ते तापमान, ६० केल्विनजवळ येऊन काही काळ तिथंच रेंगाळतं, कारण साखळ्या एक भरलेली, एक रिकामी अशा आळीपाळीनं लागतात. म्हणजे किती ऑक्सिजन आहे याइतकंच तो कसा मांडला आहे यालाही महत्त्व आहे. झटकन निववलेला कमी-ऑक्सिजनचा स्फटिक नुसता खोलीच्या तापमानाला काही दिवस ठेवला तरी त्याचं संक्रमण-तापमान चढतं. ऑक्सिजन एकही वाढलेला नसतो, फक्त साखळ्यांचे तुकडे जुळून लांब झालेले असतात. मला स्वतःला या पदार्थाबद्दलची ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

स्फटिकाच्या दिशांवरही याचा परिणाम होतो. ऑक्सिजन कमी होत जातो तसे थर एकमेकांपासून तुटल्यासारखे वागतात. थरातून जाणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध आणि थर ओलांडणाऱ्या प्रवाहाला होणारा रोध यांतलं अंतर वाढत जातं. आमची टिकली म्हणजे वाकड्यातिकड्या बसलेल्या असंख्य बारीक स्फटिकांचा गठ्ठा, तिच्यात हे वेगळं मोजता येत नाही. त्याला एकसंध स्फटिक लागतो आणि तो वाढवताना मूससुद्धा जपून निवडावी लागते. अल्युमिनाच्या मुशीतलं अल्युमिनियम वितळलेल्या रसात उतरून साखळीतल्या तांब्याच्या जागा घेतं. त्यासाठीच पुढे बेरियम झिर्कोनेटच्या मुशी वापरात आल्या.

दुसरी फेरी

त्याच टिकल्या पुन्हा भट्टीत घातल्या. नळीतून ऑक्सिजन सोडला, ९०० पर्यंत नेलं, मिनिटाला एक अंश या गतीनं ४५० पर्यंत आणलं आणि तिथं दोन रात्री ठेवलं. या वेळी भट्टी पूर्ण निवेपर्यंत दाराला कुणी हात लावला नाही.

शुद्ध टिकलीवर चुंबक थोडं वर, अधांतरी थांबलं. चिमट्यानं टिचकी मारली तर जागच्या जागी गरगरलं. मुलगी काही बोलली नाही, फोन काढून आज्जांना व्हिडिओ कॉल लावला.

कॅल्शियमच्या टिकलीवरही चुंबक तरंगलं. जस्ताच्या टिकलीवर नाही.

आता दोघांचं एकमत होईना. तिचं म्हणणं, ही टिकली भट्टीच्या तोंडाशी होती, हिला ऑक्सिजन कमी पडला, परत भाजूया. माझं म्हणणं, हे जस्ताचंच काम आहे. तिचं म्हणणं चुकीचं ठरवायला माझ्याकडे पुस्तकातल्या वाक्यापलीकडे काही नव्हतं. वाटीत पाहणाऱ्याला दोन्ही अपयशं सारखीच दिसतात: चुंबक टेकतं आणि राहतं. एका टिकलीत होल कमी असतील, दुसरीत होल पुरेसे असूनही त्यांची वाट उखडलेली असेल. या प्रकरणाचा गाभा मला इथं दिसतो. डोपिंगचा परिणाम विचारताना आधी विचारायला हवं की त्यानं वाहकांची संख्या बदलली की त्यांची जागा बिघडवली.

तीन गोष्टी केल्या. टायट्रेशन: जस्ताच्या टिकलीचा ऑक्सिजन शुद्ध टिकलीच्या जवळपास तेवढाच. पण टायट्रेशनमधली चूक धरली तर एवढ्यावर मुलगी ऐकणार नव्हती, आणि तिनं ऐकू नये हेच बरोबर होतं.

दुसरी गोष्ट खोलीच्या तापमानाचा थर्मोपॉवर. टिकलीचं एक टोक सोल्डरिंगच्या इस्त्रीनं दहा-वीस अंशांनी तापवायचं आणि दोन टोकांतला मायक्रोव्होल्टमधला फरक बघायचा. १९९२ मध्ये ओबर्टेली, कूपर आणि टॅलन यांनी दाखवून दिलं की ताम्रऑक्साइडच्या अनेक कुळांत हा आकडा होलच्या संख्येवरून ठरतो. होल फार कमी तर तो मोठा आणि धन असतो, शिखराजवळ अंशाला दोनेक मायक्रोव्होल्ट, त्यापुढे शून्याखाली जातो. ज्या कॉलेजात महागडी यंत्रं नाहीत तिथं ही चाचणी सोनं आहे. जानेवारीतल्या टिकलीचा राखून ठेवलेला तुकडा तिसाच्या वर गेला. शुद्ध आणि जस्ताची टिकली, दोन्हींचे आकडे शून्याजवळ. कॅल्शियमचा शून्याखाली.

तिसरी गोष्ट रोधाची रेघ. चार टाचण्यांच्या जोडणीनं, टिकली निवत जाताना रोध मोजायचा. शुद्ध टिकलीची रेघ सरळ खाली येते आणि ९१ केल्विनला कोसळते. कमी-ऑक्सिजनच्या तुकड्याची रेघ वेगळीच, निवताना उलटी वर जाणारी. जस्ताची रेघ शुद्ध टिकलीच्या रेघेला जवळजवळ समांतर निघाली, फक्त वर उचललेली. वाहक तेवढेच आहेत आणि त्यांच्या वाटेत ठरावीक अडथळे जास्तीचे आले आहेत, हे त्या समांतरपणातून दिसतं. आलेख-कागदावर दोन्ही रेघा पट्टीनं जुळवून पाहिल्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली.

कॅल्शियमचं चित्र याहून सरळ आहे. कॅल्शियमचा भार दोन, यिट्रियमचा तीन. प्रत्येक अदलाबदलीत थरांना एक इलेक्ट्रॉन कमी मिळतो, होल वाढतात. ऑक्सिजन आधीच भरलेला असल्यानं आमची टिकली शिखर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली आणि संक्रमण ८४ केल्विनच्या आसपास आलं. ७७ च्या वर होतं म्हणून चुंबक तरंगलं. हेच कॅल्शियम ऑक्सिजन-तुटीच्या स्फटिकात घातलं तर उलट अतिवाहकता वाढवतं, साखळ्या जवळजवळ रिकाम्या असतानाही. चांगलं डोपिंग आणि वाईट डोपिंग असं काही नसतं, घुमटावर आपण कुठं उभे आहोत त्यावर ते ठरतं. शिवाय कॅल्शियमचा एक व्यवहारी उपयोग आहे. दोन स्फटिककणांच्या सीमेवर होल कमी पडतात आणि प्रवाह तिथं अडतो. त्या सीमेवर कॅल्शियम पोचवलं तर प्रवाह वाढतो हे १९९९ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गच्या गटानं दाखवलं.

पासष्ट मिलिग्रॅम

जस्ताचं मात्र मला अजूनही नवल वाटतं. मुलीचे मामा बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत आहेत. त्यांना हे ऐकून काही विशेष वाटलं नाही. एस.जी. आयर्न ओतताना टनभर रसात चारशे ग्रॅम मॅग्नेशियम टिकून राहिलं की ग्रॅफाइटचे पापुद्रे गोळ्या होतात आणि ठिसूळ बीड चिवट होतं, हे ते रोज बघतात. पण फाउंड्रीतल्या त्या मात्रेनं रचना बदलते, सूक्ष्मदर्शकात ती दिसते. जस्तानं रचना जवळपास तशीच राहते. शुद्ध आणि जस्ताच्या टिकलीचे एक्स-रे आलेख एकावर एक ठेवले तर फरक शोधावा लागतो. तरी शंभरात एक जस्त संक्रमण दहा-बारा केल्विननं खाली ओढतं.

जस्त थेट थरातल्या तांब्याची जागा घेतं. तांब्याला एक सुटा चुंबकीय रोख असतो. जस्ताचं कवच भरलेलं, त्याला रोख नाही. उलटसुलट रोखांच्या पटावर एक घर मुकं होतं. जुन्या, नेहमीच्या अतिवाहकांत अशा चुंबकत्व नसलेल्या अणूचा फारसा त्रास होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ अँडरसन यांनी १९५९ मध्ये त्याचं कारण दिलं. तिथं घात करतात ते चुंबकीय अणू. इथं उलट घडतं: चुंबकीय असलेलं निकेल जस्ताहून कमी नुकसान करतं. अतिवाहकतेत इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात. ताम्रऑक्साइडमधल्या अशा जोडीच्या तरंगाचं चिन्ह, धन की ऋण, दिशेनुसार बदलतं, त्यामुळे कुठल्याही अडथळ्यावर आपटून दिशा बदलली की जोडी तुटू शकते, हा खुलासा जस्ताला लागू पडतो. २००० मध्ये बिस्मथ असलेल्या ताम्रऑक्साइडच्या स्फटिकावर स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शकानं एकेका जस्ताभोवती चार पाकळ्यांची आकृती प्रत्यक्ष दिसली. निकेल एवढं सौम्य का, याला मात्र मी वर्गात एका वाक्यात उत्तर देत नाही, कारण एका वाक्यात ते बसत नाही.

यिट्रियमच्या जागेवर याच्या अगदी उलट अनुभव येतो. तिथं गॅडोलिनियमसारखा जबर चुंबकीय अणू पूर्णपणे बसवला तरी संक्रमण ९० च्या वरच राहतं, कारण ती जागा थरांच्या मध्ये आहे, थरात नाही. अपवाद प्रासिओडिमियमचा. ते निम्म्याहून थोडं जास्त झालं की अतिवाहकता संपते.

एक काम उरलं होतं. जस्ताची टिकली अतिवाहक होते हे कुणी पाहिलंच नव्हतं. ७७ च्या खाली जायला आमच्याकडे हेलियम नाही. पण नायट्रोजनवरचा दाब कमी केला की तो आणखी थंड होतो, ६३ केल्विनला गोठेपर्यंत. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी बंद भांड्याला व्हॅक्यूम पंप जोडला, खिडक्या उघड्या ठेवल्या. अण्णा दाबाचा काटा वाचत होते, ती व्होल्टमीटर वाचत होती. ७४, ७२, ७१, रोध सावकाश उतरत होता. ७० च्या खाली आकडा घसरायला लागला आणि ६८ ला व्होल्टमीटरवर फक्त गोंगाट उरला. तिनं वहीच्या समासात, रेकॉर्ड इंग्रजीत लिहायचं असतं म्हणून समासातच, लिहिलं: ‘जस्त, दोन टक्के. होल तेवढेच. मिळाली.’

टिकल्या आता सिलिका जेल घातलेल्या बाटल्यांत, झाकणाला मेण लावून ठेवल्या आहेत. वाय-१२३ ला ओलावा सोसत नाही, बेरियम बाहेर येऊन टिकलीवर पांढरी बुरशीसारखी पूड धरते, आणि बेळगावचा जून दारात आहे. निकेलचा घाणा दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.